घरपट्टी आमची, कॉम्प्लेक्स बिल्डरचं

प्रश्न : ताई नमस्कार. मी अमळनेरचा, रिटायर्ड शिक्षक. मुलगा सून शिकागोला असतात, तिथं त्यांनी घर घेतलंय. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने घरपट्टीचं बिल दाखवलं. शाळेला किती, पार्कला किती असे वेगवेगळे आकडे आणि त्यातच एक आकडा टीआयएफ नावाचा. तो म्हणे पप्पा हा पैसा बिल्डर लोकांच्या प्रोजेक्टला जातो. मला काही पटेना. लोकांची घरपट्टी खाजगी बिल्डरला देतात कशी, आणि तेही कायद्याने?

उत्तर : सर, मुलगा बऱ्यापैकी बरोबर सांगतोय, आणि हो, कायद्यानेच. टीआयएफ म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, सोप्या भाषेत पुढे जो कर वाढणार आहे त्याच्या जिवावर आज पैसा उभा करायचा. सुरुवात कॅलिफोर्नियात १९५२ ला झाली, शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे तिथला कायदा १९७७ चा.

आपल्या भागातलं सांगते म्हणजे पटकन लक्षात येईल. समजा रावेरकडे चार भावांची एकत्र केळी आहे. धाकटा म्हणतो, आज बागेतून वर्षाला ४ लाख सुटतात ते चौघांचे, त्याला मी हात लावत नाही, पण मी ठिबक टाकतो, टिश्यूची रोपं आणतो आणि ४ लाखाच्या वर जे येईल ते पुढची २३ वर्षं माझ्याच कामाला लागेल. ऐकायला ठीक वाटतं, त्याच्यामुळे वाढलं तर त्याला मिळावं. पण केळीचा भाव ठरतो बऱ्हाणपूर रावेरच्या बाजारात, तो वाढला तर त्यात ठिबकचा काय संबंध? नुसत्या भावामुळे ४ चे ६ लाख झाले तरी वरचे २ लाख धाकट्याचेच. आणि इकडे बाकीच्या तिघांचा किराणा, पोरांच्या फिया, दवाखाना हे काही जुन्या भावात थांबत नाही, त्यांच्या हातात मात्र तेच ४ लाख, मग ते दुसऱ्या शेतातून जास्त ओढणार, दुसरं काय करतील.

शिकागोत अगदी हेच होतं. नगरपालिका नकाशावर एक पट्टा आखते, त्या दिवशी तिथल्या मालमत्तांची जी किंमत असेल ती गोठवते. शाळा, पार्क, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं) या सगळ्यांना त्या गोठवलेल्या किमतीवरचाच कर मिळतो, वाढलेला सगळा कर वेगळ्या फंडात. त्या फंडातून रस्ते गटारी होतात, जुन्या इमारती पाडतात, आणि बिल्डरच्या खर्चाचा काही भागही दिला जातो. मुदत २३ वर्षं, विधिमंडळाने वाढवली तर ३५. शाळांना तर पैसा लागतोच, मग कराचा दर थोडा वर सरकतो आणि तो पट्ट्याबाहेरच्या घरांनाही लागतो. म्हणजे ज्याच्या घरासमोर एक वीटही बसली नाही त्याच्या बिलातही फरक पडतो, आणि मला यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच वाटते.

कायद्यात एक अट आहे आणि अट चांगली आहे. मदत दिली नसती तर इथं काही उभंच राहिलं नसतं, हे आधी दाखवावं लागतं. ओसाड कारखान्याची जागा, जमिनीत केमिकल मुरलेलं, कुणी फिरकत नाही, तिथं सरकारने हात दिला तर माझा विरोध नाही. पण २०१९ ला शिकागोने लिंकन यार्ड्स नावाच्या प्रकल्पाला १३० कोटी डॉलरपर्यंतची मदत मंजूर केली, ती जागा शहराच्या उत्तर भागात, आजूबाजूला आधीच महागडी वस्ती. जुन्या पोलाद कारखान्याची जमीन होती हे खरं, पण तिथं कुणीच आलं नसतं हे लोकांच्या गळी उतरलं नाही, मोठा विरोध झाला, तरी मंजुरी झाली. पुढे प्रकल्प रखडला आणि बरीचशी जागा वर्षानुवर्षं मोकळी पडून राहिली.

आणि जिथं सुरू झालं त्या कॅलिफोर्नियाने काय केलं ते बघा. तिथं टीआयएफच्या पैशातून पुनर्विकास करणाऱ्या ४०० च्या आसपास सरकारी संस्था झाल्या होत्या, राज्यातल्या एकूण मालमत्ता कराचा साधारण १२ टक्के हिस्सा त्यांच्याकडे जायला लागला आणि शाळांची तूट राज्याला तिजोरीतून भरावी लागायची. शेवटी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी २०११ ला कायदा केला आणि १ फेब्रुवारी २०१२ ला सगळ्या संस्था बंद. हेच ब्राउन आधी ओकलंड शहराचे महापौर होते आणि तेव्हा त्यांनी स्वतः हा पैसा वापरला होता. आतून बघितलेल्या माणसाने बंद केलं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

मुलाला सांगा, आपलं घर कुठल्या पट्ट्यात येतं आणि त्याची मुदत कधी संपते ते बघून ठेव. मुदतवाढीच्या वेळी नागरिकांनी बोलायचं असतं, नंतर बोलून उपयोग नाही.

प्रश्न : माझं खान्देशात किराणा दुकान आहे, शहराचं नाव छापू नका. आमच्या मनपाने बाजारातली जागा बीओटीवर, म्हणजे बांधा, वापरा, परत करा या बोलीवर, बिल्डरला दिली, कॉम्प्लेक्स झालं, गाळे लाखांनी विकले, मनपाला काय मिळालं कुणी सांगत नाही. आमच्या गल्लीत गटार नाही, घरपट्टी मात्र वाढली. माझी आई म्हणते, आम्ही भरानं आनि त्यासले माफी? तिला काय उत्तर देऊ?

उत्तर : भाऊ, आईचा प्रश्न अगदी बरोबर आहे, तिला तसं सांगा.

वरच्या उत्तरातला टीआयएफ आपल्याकडे चालू नाही. जून २०१५ च्या स्मार्ट सिटी मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत पैसा उभारायचा एक मार्ग म्हणून त्याचं नाव होतं, पण त्या मिशनच्या शहरांच्या यादीत खान्देशातलं एकही शहर नव्हतं. आपल्याकडे मदत वेगळ्या वाटांनी जाते. मोक्याची जागा स्वस्तात जाते. शहराबाहेरच्या नव्या लेआउटला रस्ता आणि पाइपलाइन आधी पोहोचते, जुन्या पेठेला नंतर. इमारत वापरात येते पण कर आकारणी रजिस्टरला तिची नोंद उशिरा होते. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो आणि मग तो माफ करणारी अभय योजना येते, त्यात सगळ्यात मोठी माफी अर्थातच सगळ्यात मोठ्या थकबाकीदाराला, तुमच्यासारखा वेळेवर भरणारा बघत राहतो. जकात गेली, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांची एलबीटीही (जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर) गेली, आता राज्याच्या जीएसटी अनुदानाशिवाय मनपाचा हक्काचा पैसा म्हणजे मुख्य करून घरपट्टीच, म्हणून एकाला सूट दिली की ओझं तुमच्या गल्लीवर येतं.

यातली खरी अडचण अशी की जो पैसा घेतलाच नाही तो खर्च म्हणून कुठे लिहिला जात नाही. गटारीला १० लाख दिले तर अंदाजपत्रकात ओळ दिसते, बिल्डरचे १० लाख सोडले तर ओळ नाही. केंद्र सरकार २००६-०७ पासून अंदाजपत्रकासोबत सोडून दिलेल्या कराचा तक्ता देतं. अमेरिकेतही २०१५ ला हिशेबाचा ७७ नंबरचा नियम आला, करारावर कुणाला किती करमाफी दिली ते स्थानिक सरकारांनी वार्षिक हिशेबात दाखवायचं. आपल्या मनपांच्या अंदाजपत्रकात असा तक्ता मला तरी बघायला मिळाला नाही, आणि तो असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या हातात काय आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ म्हणतं की मनपाची जागा विकताना किंवा भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा. त्यामुळे जागेची किंमत कुणी काढली आणि किती काढली हा पहिला प्रश्न. माहिती अधिकाराचा साधा अर्ज करा, १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, मनपाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. त्यात "सगळी माहिती द्या" असं मोघम लिहू नका, त्यावर मोघमच उत्तर येतं. बीओटी करारनाम्याची प्रत, महासभेच्या ठरावाची प्रत, जागेचा मूल्यांकन अहवाल, भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरायच्या परवानगीची) तारीख, आणि कॉम्प्लेक्सची कर आकारणी कोणत्या तारखेपासून झाली त्याचा उतारा, एवढंच मागा. शेवटच्या दोन तारखा शेजारी ठेवून बघा, मधे वर्ष दोन वर्षं गेली असतील तर तेवढ्या काळाचा कर कुठे गेला हा प्रश्न तुमच्या नगरसेवकाला लेखी द्या.

उत्तर ३० दिवसात यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील करा, ते मनपातच होतं, वकील लागत नाही. कागद हातात आले की झेरॉक्स पाठवा, करारनामा आपण मिळून वाचू.