मित्राचं सुतक नसतं, मग करायचं काय?

तुमचा प्रश्न असा : बालमित्र वारला, आठ दिवस झाले, कशात लक्ष लागत नाही, घरचे म्हणतात, "मित्राचं काही सुतक नसतं, कामाला लाग." अशा वेळी काय करावं?

घरच्यांचं रीतीप्रमाणे बरोबर आहे. सुतक भाऊबंदांचं. ज्याचं तोंड वीस वर्षांत पाहिलं नव्हतं अशा चुलत चुलत्याचे दहा दिवस मी पाळलेत. आणि गेल्या वैशाखात माझा मित्र गेला तेव्हा मसणातून आलो, अंघोळ केली, झालो मोकळा. बायकोने विचारलं, "भात टाकू?" एवढा राग आला! तिच्यावर नव्हे. कोणावर ते अजून कळलेलं नाही.

आम्ही दोघं देवगड तालुक्यातले, शेजारशेजारच्या वाड्यांमधले. 1974 साली एकाच एसटीने मुंबईला आलो आणि लालबागला गावकीच्या खोलीत राहिलो. दहा बाय बाराची खोली, पंचवीस-तीस माणसं. भिंतीला ट्रंका, दोरीवर वळकट्या. एवढी माणसं मावायची ती पाळ्यांमुळे. आम्हा दोघांत वळकटी एकच. पुढे गिरणीत तो लूमखात्यात लागला, मी साचेखात्यात. तो पहिल्या पाळीला आणि मी तिसऱ्या पाळीला असलो की त्याने सोडलेल्या अंथरुणावर मी जाऊन पडायचो. उशीला त्याच्या खोबरेल तेलाचा वास असायचा. तेव्हा मी त्यावरून शिव्या घालायचो.

सकाळी सातच्या भोंग्याला गेटवर आमची गाठ पडे. तो आत, मी बाहेर. दोन तोंडांची डबी होती, एका बाजूला तंबाखू, दुसरीकडे चुना. तीही दोघांत एकच. रात्रभर माझ्याकडे, दिवसभर त्याच्याकडे. हातात देताना मी म्हणायचो, "माका वायच ठेव हां." त्याने कधी ठेवली नाही. संध्याकाळी डबी रिकामीच यायची, चुना मात्र काठोकाठ.

मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे तो बोलायचा ते ओरडूनच. फोनवर त्याचं गुपित आमच्या अख्ख्या मजल्याला कळायचं.

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते, आम्हाला वाटलं महिन्या-दोन महिन्यांचा खेळ आहे. आठव्या महिन्यात तो गावी गेला. मी इथेच भाजी विकली. त्या वर्षी गावाहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती माझ्यासाठी तांदूळ आणि कुळीथ यायचे. चिठ्ठी नाही, नुसतं गोणपाट. ते कोणाच्या कोठारातलं हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पुढे त्याने वॉचमनकी केली, मी एका ऑफिसात शिपाई झालो. 2012 साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा दोघांनी मिळून यादी वाचली. दोघांचंही नाव नव्हतं. मग वडापाव खाऊन घरी गेलो.

मुलांनी त्याचं दहावं बाणगंगेला केलं. मी जरा लांब उभा होतो, कारण आमचं तिथे काही काम नसतं. अशा वेळी कावळा तासन्‌तास शिवत नाही, मग कोणीतरी "तुझी अमुक इच्छा पुरी करू" असं म्हणतं. इथे थोरला हात जोडायच्या आत कावळा पिंडावर आला. बाणगंगेचे कावळे सरावलेले असतात हे खरं. पण मला हसू फुटलं. पान वाढलं की या माणसाला दम म्हणून कधी निघालाच नव्हता. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. तीही पदराआड हसली, मग रडली.

तर करायचं काय? मी तरी भाद्रपदाची वाट पाहिली. आमच्याकडे म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, घालतात, तेव्हा भटजींना म्हटलं, यंदा माझ्या मित्राचंही नाव घ्यायचंय. घरातून आवाज आलाच, "त्याचे मुलगे घालतील की!" भटजी म्हणाले, चालतं. म्हाळात आई-बाप, आजे-पणजे, मामा, मावशी, सासरा, गुरू, शिष्य अशी मोठी यादी असते आणि सगळ्यात शेवटी 'आप्त' येतात. मित्र तिथे बसतो. शेवटी का होईना, जागा आहे हे ऐकून मला केवढं बरं वाटलं! तुमच्याकडे म्हाळ असेल तर विचारून बघा. नसेल तर दहा दिवस बसा गप्प, काम काही पळून जात नाही. आणि त्याच्या घरी जा. काय बोलावं हा विचार करू नका, चहा घेऊन या. मी गेलो तेव्हा त्याच्या बायकोने न विचारता ती डबी माझ्यापुढे ठेवली. उघडली तर तंबाखू नाही, चुना सुकून दगड झालेला.

एक गंमत राहिली. भटजींनी गोत्र विचारलं. साठ वर्षांची ओळख, पण गोत्र माहीत नाही. म्हणाले, "ठीक आहे, माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. नाव सांगा." तर तोंडातून खोलीतल्या टोपणनावाशिवाय दुसरं काही बाहेरच येईना. खरं नाव आठवायला मला आधी त्याचा गिरणीतला तिकीट नंबर मनात म्हणावा लागला. तो पाठ होता.