सुट्टीच्या आदल्या दिवशीचे शेअर

प्रश्न : पिंपरीतील एका कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी शेअरचे अल्पमुदतीचे व्यवहार करतो. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की आधीच्या गुरुवारी शेअर घ्यायचे, निम्मे पैसे ब्रोकरच्या मार्जिन सुविधेतून (म्हणजे त्याच्याकडून व्याजाने उसने घेऊन) उभे करायचे आणि मंगळवारी विकायचे, असा माझा शिरस्ता आहे. मागच्या खेपेस ५०० रुपयांच्या शेअरला ४९० चा स्टॉप-लॉस (भाव तिथवर उतरला की आपोआप विकायची ऑर्डर) लावूनही तो विकला गेला नाही आणि भाव ४६० वर आला. शिवाय १८ फेब्रुवारीला विकलेल्या शेअरचे पैसे दुसऱ्या दिवशी मिळाले नाहीत. माझे कुठे चुकते?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सुट्टीपूर्वी भाव चढतात ही समजूत अगदीच निराधार नाही. अमेरिकेतील डाऊ जोन्स निर्देशांकाच्या ९० वर्षांच्या आकड्यांवरचा जो अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुट्टीच्या आदल्या दिवशीचा परतावा इतर दिवसांपेक्षा बराच अधिक आढळला होता. मात्र ती वाढ आदल्या दिवसाची आणि सरासरीची आहे. तुम्ही तर शेअर सुट्टी ओलांडून पलीकडे नेता, आणि खरी जोखीम तिथेच आहे.

एप्रिल २०२५ आठवून पाहा. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने ७ तारखेच्या सोमवारी निफ्टी हा आपल्या बाजाराचा निर्देशांक शुक्रवारच्या बंद भावापेक्षा सुमारे ५ टक्के खाली उघडला. पुढे १० तारखेला महावीर जयंतीमुळे आपला बाजार बंद असतानाच, आदल्या रात्री शुल्काला ९० दिवसांची स्थगिती मिळाल्याची बातमी आली आणि ११ तारखेला निफ्टी ४२९ अंकांनी वर गेला. बाजार बंद असताना जग थांबत नाही, आणि बातमी कोणत्या बाजूची येईल हे आदल्या दुपारी साडेतीनला कोणालाच कळत नाही.

तुमच्या स्टॉप-लॉसचेही तेच झाले असावे. बहुधा तुम्ही ४९० चा ट्रिगर (या भावाला विक्रीची ऑर्डर जागी होते) आणि ४८८ ची मर्यादा (याहून कमी भावाला विकायचे नाही) घातली असेल. शेअर मंगळवारी थेट ४७० ला उघडला, तर ट्रिगर लागतो, पण ४८८ ला घेणारा कोणी नसल्यामुळे तुमची ऑर्डर तशीच पडून राहते. मधले भाव बाजाराने पाहिलेलेच नसतात. मर्यादा न घालता विकायची ऑर्डर असती तर शेअर गेला असता, पण ४७० च्या आसपास. म्हणजे सुट्टीपुरता स्टॉप-लॉसचा आधार धरूच नये. किती नुकसान सोसवेल हे ठरवून तेवढेच शेअर हाती ठेवावेत.

आता खर्च. दोन लाखांचे शेअर घेऊन विकले, तर दोन्ही बाजूंचा ०.१ टक्का व्यवहार कर मिळून ४०० रुपये आणि खरेदीवरील मुद्रांक शुल्क ३० रुपये होतात. गुरुवारच्या खरेदीचे एक लाख ब्रोकरने शुक्रवारी भरले, तर बंद असलेले तिन्ही दिवस व्याजात धरले जातात. वार्षिक १५ टक्के दर धरल्यास चार दिवसांचे सुमारे १६४ रुपये झाले. दलाली, डिमॅटचे शुल्क आणि जीएसटी वेगळेच. नफा झालाच, तर २३ जुलै २०२४ पासून अल्पमुदतीच्या भांडवली नफ्यावर २० टक्के कर आहे. उसन्या पैशाने सुट्टी ओलांडू नका, असे मी तुम्हाला कळकळीने सांगेन. निवृत्तीची पुंजी पुन्हा उभी करायला वेळ हाताशी नसतो.

पैसे न मिळण्यात मात्र तुमची किंवा ब्रोकरची चूक दिसत नाही. २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरचे व्यवहार पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतात, पण १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त महाराष्ट्रातील बँका बंद असतात. शेअरची खरेदी-विक्री चालू असली, तरी पैशांची देवघेव त्या दिवशी होत नाही, त्यामुळे १८ आणि १९ या दोन्ही दिवसांच्या व्यवहारांचे पैसे २० तारखेला, तोही कामकाजाचा दिवस असल्यास, मिळतात. बँकांच्या वार्षिक हिशेबामुळे १ एप्रिललाही असेच घडते. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर बाजाराच्या आणि सेटलमेंटच्या, म्हणजे पैशांच्या देवघेवीच्या, सुट्ट्यांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. हप्ता किंवा फी भरायची असेल, तर दुसरी यादी पाहून दोन दिवस आधी शेअर विकावेत.