बी कुठं जातं ते आधी पाहा

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रस्त्यावरची पिचकारीची, म्हणजे आफ्रिकन ट्यूलिपची, चार झाडं वाऱ्यात मोडली, त्या जागी पुन्हा तीच लावा असा रहिवाशांचा आग्रह आहे, आणि तू पेचात पडली आहेस. फुलं इतकी देखणी, रस्त्यावर तर एकही रोप आपसूक उगवलेलं दिसत नाही, मग हे झाड उपद्रवी कसं, असं तू विचारतेस.

अगं, रस्त्यावर उगवेल कुठून? खाली डांबर, कडेला फरशी, वर रोजचा झाडू. वाळलेली एक शेंग उघडून बघ. होडीसारखी असते. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखे पारदर्शक पंख एकावर एक रचलेले, प्रत्येकाच्या मधोमध तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजे बी. एका शेंगेत अशी शेकडो. हातावर घेतलीस तर तुझ्या श्वासानंही उडतील. ती उडून जिथं पडतात तिथं जाऊन बघ. नाल्याच्या काठाला, पडीक जागेत, रानाच्या कडेला. फुलाचं नंतर बघू. बी कुठं जातं ते आधी पाहा.

मी पाहिलं नाही. तुझ्याएवढी असताना एका उघड्याबोडक्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मीच पिचकारीची रांग लावली. पहिला बहर आला तेव्हा माणसं थांबून वर बघायची, पोरं पाण्यानं भरलेल्या कळ्या दाबून एकमेकांवर पिचकाऱ्या उडवायची. मी धन्य झाले होते. बारा वर्षांनी मागच्या ओढ्याकाठी गुडघाभर उंचीची रोपं दिसली, आणि तुला खरं सांगते, मला आनंद झाला. न लावता झाडं आली म्हणून! तो आनंद आजही टोचतो. पुढं तिथं दुसरं काही उगवेना. कोयत्यानं तोडली तर बुंध्यातून चार-चार धुमारे फुटले, मुळांतून नवी पिलं आली, ओल्या मातीत टाकलेल्या फांद्यांनीही जीव धरला. त्या ओढ्यावर माझे किती रविवार गेले, मोजलेले नाहीत.

आता तू म्हणशील, तेव्हा कळत नव्हतं का? नव्हतं. रोपवाटिकेत भराभर वाढणारं तेच मिळायचं आणि त्या रस्त्याला सावलीची खरंच गरज होती. ती सावली खोटी नव्हती, हे मी कुणाहीपुढं म्हणेन. पण तुला ही सबब नाही. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी आगंतुक प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी काढली, तिच्यात पिचकारी आहे, सुबाभूळही आहे. तुला हे ठाऊक आहे, पत्रात तूच लिहिलंयस. मग पेच कसला?

आणि 'याला बी धरतच नाही' असं रोपवाटिकेवाला सांगेल, तेव्हा तर दुप्पट सावध हो. अमेरिकेत ब्रॅडफर्ड पेअर नावाचं झाड तिथल्या कृषी खात्यानंच 1963 मध्ये बाजारात आणलं. वसंतात पांढऱ्या फुलांनी लदलदणारं, घरांपुढच्या रस्त्यांसाठी जणू घडवलेलं. सगळी एकाच झाडाची कलमं, त्यामुळं आपापसात फळ धरत नव्हती. पुढं फांद्या फाटू लागल्या म्हणून त्याच जातीचे मजबूत वाण आले, शेजारीशेजारी लागले, आणि परागीभवन जुळलं. पाखरांनी फळं खाऊन बिया माळरानांत नेल्या, तिथं काटेरी जाळ्या माजल्या. ओहायो राज्यानं 2023 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. एकट्या झाडाला बी धरलं नाही, एवढ्यावरच सगळे निर्धास्त राहिले. शेजारी दुसरा वाण आला तर काय, हे विचारायला हवं होतं.

तुमच्याकडचे ते गृहस्थ म्हणतात, 'तीस वर्षांत काही झालं नाही.' त्यांना इंगो कोवारिक या जर्मन शास्त्रज्ञाचं काम सांग. ब्रँडेनबर्ग भागात बाहेरून आणलेली झाडंझुडपं लागवडीनंतर स्वतःहून पसरायला किती काळ लागला, हे त्यांनी जुन्या नोंदींवरून काढलं. सरासरी 147 वर्षं, नुसत्या झाडांची 170. अशा हिशेबात तीस वर्षांची काय कथा?

परकं झाड दिसलं की कुऱ्हाड, असं माझं म्हणणं नाही. अनेक परकी झाडं लावल्या जागी गुमान उभी राहतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते बी न तपासता लावण्याशी. लोक रागावतील, तुला रुक्ष म्हणतील. मला म्हणाले. एका बैठकीतून मी उठून आले, कारण फुलांच्या रंगांवर तासभर बोलणं झालं आणि बियांचं नाव कुणी काढलं नाही. आजही मी उठेन.

तर त्या चार खड्ड्यांत पिचकारी नको. जवळच्या रानात जे मूळचं वाढतं, त्यातलं रस्त्याला सोसेल असं निवड. उभ्या झाडांवर आज कुऱ्हाड नको, पुढची सावली तयार होईल तशी एकेक काढू. पण शेंगा उकलण्याआधी उतरवून घ्यायच्या, हिरव्या असतानाच. आणि त्याआधी एकदा कॉलनीमागच्या नाल्याकाठानं चालत जा. रोपं करंगळीएवढी असतील तर पाऊस पडून गेल्यावर मुळासकट हातानं निघतात. किती सापडली, ते कळव. मी येते मदतीला.

तुझी,
मावशी