पहिल्या भेटीला मुलीला एकटीच जाऊ द्या

खानापूरहून आपण लिहिले आहे की, मुलगी ६२ टक्के गुणांनी बी.कॉम. झाली, बेळगावच्या एका कर सल्लागाराकडे दोन वर्षे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम केले आणि आता तिच्या मामांच्या ओळखीने बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपचे हिशेब स्वतंत्रपणे लिहिण्याचे काम तिच्याकडे येऊ घातले आहे. पुढच्या आठवड्यात मालकांशी पहिली भेट आहे. गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून आपण सोबत जाणार, फीही आपणच ठरवणार, आणि ‘मुलगी तुमचा जीएसटी कमी करून देईल’ असे मालकांना फोनवर सांगून मोकळे झाला आहात. मुलीने भेटीत काय बोलावे, हा आपला प्रश्न आहे. मला काळजी वाटते ती आपण जे बोलून बसला आहात त्याची.

हिशेब लिहिणारा माणूस कर कमी करून देतो, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कर व्यवहारावर ठरतो. हिशेबनीस तो व्यवहार जसा झाला तसा आणि वेळेत नोंदवतो. त्यातून मालकांचे पैसे वाचतात ते एवढ्याच अर्थाने की, खरेदीवर आधीच भरलेल्या कराची हक्काची वजावट बुडत नाही. आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. उद्यमबागेतल्या कारखान्याचा जीएसटी क्रमांक कर्नाटकच्या २९ ने सुरू होतो, तर कोल्हापूरच्या विक्रेत्याचा महाराष्ट्राच्या २७ ने. कोल्हापूरहून बेळगावला पाठवलेल्या मालाच्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागायला हवा. विक्रेत्याने सवयीने राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (महाराष्ट्राचा) लावले, तर त्याची वजावट इथल्या कारखान्याला मिळत नाही. असे बिल हाती येताच ओळखून दुरुस्त करून मागवणे हे आपल्या मुलीचे काम आहे. कर कमी करून देण्याचा शब्द मात्र तिने दिलेला नाही, तो आपण दिला आहे. तेव्हा भेटीच्या आधी आपणच फोन करून तो मागे घ्यावा, नाही तर पहिल्याच महिन्यात पूर्ण कर भरावा लागल्यावर दोष तिच्या माथी येईल.

सोबत जाण्याचा विचारही सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगतो. वडील शेजारी बसले की मालक वडिलांशीच बोलतात, आणि पुढची कित्येक वर्षे तसेच चालू राहते. शिवाय या भेटीत तिला जे विचारायचे आहे ते नाजूक आहे: घरखर्च धंद्याच्या खात्यातून होतो का, कोणती विवरणपत्रे थकली आहेत, आधीच्या हिशेबनिसाने काम का सोडले. तिऱ्हाइतासमोर याची खरी उत्तरे कोणी देत नाही. अनोळखी ठिकाणाची चिंता असेल तर मामांनी ओळख करून द्यावी आणि उठावे.

तयारी तिने घरूनच सुरू करावी. जीएसटीच्या संकेतस्थळावर कारखान्याचा क्रमांक टाकला की नोंदणी कोणत्या नावाने व केव्हाची आहे, कंपोझिशन (छोट्या धंद्यांची सोपी कर योजना) आहे की नियमित, आणि विवरणपत्रे कोणत्या तारखांना भरली गेली, हे लॉगिनशिवायही दिसते. एवढे वाचून गेलेली मुलगी नेमके प्रश्न विचारते. संकेतस्थळावर नोंदवलेला मोबाइल कोणाचा आहे, हे तिने पहिल्याच भेटीत विचारावे. तो बऱ्याचदा जुन्या सल्लागाराचा निघतो आणि ऐन मुदतीच्या दिवशी ओटीपी त्याच्याकडे जातो. जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करण्यासाठी, आलेल्या कास्टिंगची (ओतीव भागांची) चलने, म्हणजे मालासोबतचे कागद, कोण सांभाळते, हेही विचारावे, कारण मशीन शॉपमध्ये दुसऱ्याचा माल आणि स्वतःचा माल एकाच छपराखाली पडलेला असतो. मालक दरमहा विवरणपत्र भरत असतील तर जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) ची तारीख पुढच्या महिन्याची ११ आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) ची २० असते. तेव्हा मागच्या महिन्याची सर्व बिले ५ तारखेपर्यंत मिळायला हवीत, हे तिने तिथेच ठरवून घ्यावे.

महानगरपालिकेच्या नोटिसा आणि व्यवसाय परवान्याचे कागद कन्नडमध्ये येतात. तिला कन्नड नीट वाचता येत नसेल, तर आणखी एखाद्या टॅलीच्या कोर्सवर पैसे घालण्याऐवजी कन्नड वाचनाची शिकवणी लावावी.

फीचा आकडा पहिल्या भेटीत सांगूच नये. एका महिन्याची फाइल पाहायला मागावी, बिले किती आणि कशी आहेत ते पाहावे, आणि दोन दिवसांनी कामाच्या यादीसह फी लेखी कळवावी. ऑडिट त्या यादीत नसेल, कारण ते सीएचे (चार्टर्ड अकाउंटंटचे) काम आहे.

सीए किंवा बँकेच्या परीक्षेचा आग्रह आपण पत्राच्या शेवटी धरला आहे. वाणिज्य शाखेत ५५ टक्क्यांहून अधिक गुण असल्याने तिला फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट सीए इंटरमिजिएट या दुसऱ्या टप्प्याला नोंदणी करता येते, पण ते तिने मागितले तरच.

मालकांनी बिलाविना झालेली विक्री दडवायला सांगितली, तर तिने हे काम घेऊ नये. अशा वेळी ती रिकाम्या हाताने घरी आली, तर ‘हातचे गिऱ्हाईक घालवलेस’ हे शब्द आपल्या तोंडून निघू नयेत, एवढी तयारी आपण आपल्या बाजूने करून ठेवावी.