समोरच्या काचेला टवका उडालाय आणि ऊन तापतंय

गाडीच्या समोरच्या काचेबद्दल आलेल्या पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : घोडबंदर रोडवर डंपरच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेला डावीकडे, साधारण मधल्या उंचीवर, शेंगदाण्याएवढा टवका गेला. त्याला तीन बारीक पाय, म्हणजे चिरा, फुटले आहेत. गाडी दिवसभर ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये असते. गॅरेजवाले म्हणतात, ‘वाढला तर बघू.’ मला रविवारशिवाय वेळ नाही. तोवर उन्हानं काच जाईल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ‘वाढला तर बघू’ हा सल्ला मानू नका. टवका भरता येतो. तो वाढून लांब तडा झाला की बहुतेक वेळा काच बदलण्यावाचून इलाज नसतो.

समोरची काच दोन थरांची असते. प्रत्येक थर साधारण दोन मिलिमीटरचा आणि मध्ये पाऊण मिलिमीटरचा पीव्हीबी नावाचा चिवट, पारदर्शक पडदा. खडा बहुधा फक्त बाहेरच्या थराला लागतो. गाडीत बसून त्या जागी आतून नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर आतला थर शाबूत आहे.

नुसत्या उन्हाला घाबरू नका. अख्खी काच सारखी तापली तर सारखीच फुगते, ताण फारसा येत नाही. घात होतो तो एक भाग तापलेला असताना दुसरा एकाएकी थंड झाला की. काच दर अंशाला दहा लाखांत नऊ भाग वाढते. १.४ मीटर रुंदीच्या काचेत ४० अंशांचा फरक म्हणजे अर्धा मिलिमीटर. एवढा फरक काचेला आपल्याच अंगात मुरवावा लागतो. काच दाबाला दणकट पण ताणाला कच्ची. थंड झालेला भाग आकसू पाहतो आणि भोवतालची गरम काच त्याला आकसू देत नाही, म्हणून तो ताणला जातो. धड काचेवर हा ताण पसरून जातो. टवका असेल तर ताण त्याच्या पायांच्या टोकाशी गोळा होतो आणि तडा धावतो.

मुंबईत मार्चमध्ये समुद्रावरचा वारा उशिरा सुटला की पारा चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. उन्हातली काच हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापते. अशा काचेवर आतून एसीचा गार झोत सोडणं हे सगळ्यात वाईट. म्हणून संध्याकाळी गाडीत बसल्यावर चारही खिडक्या खाली करून दोन-तीन मिनिटं कोंडलेली हवा जाऊ द्या. मग एसी २६-२७ वर, पंखा कमी वेगावर आणि झोत तोंडाकडे किंवा पायांकडे ठेवा. काचेकडे जाणारा डिफ्रॉस्टचा झोत बंदच असू द्या. दहा मिनिटांनी हवं तर तापमान खाली आणा.

उन्हातून आलेल्या गाडीवर बादलीभर पाणी ओतायचं नाही, हे गाडी धुणाऱ्यालाही आवर्जून सांगा. सकाळी काच थंड असताना ओल्या फडक्यानं पुसली तर चालतं, पण टवक्यात पाणी जाऊ देऊ नका आणि प्रेशर पंप अजिबात नको. सगळ्या खिडक्या बंद ठेवून दार आपटू नका, आत कोंडलेल्या हवेचा धक्का काचेला बसतो. गतिरोधक दोन्ही चाकं एकदम चढतील असे सरळ घ्या. तिरके घेतल्यावर गाडीचा सांगाडा पिळला जातो आणि त्याला चिकटवलेली काचही.

आजच करायचं काम म्हणजे टवका कोरड्या फडक्यानं टिपून त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा दोन इंची चौकोन लावणं. यानं काच मजबूत होत नाही, फक्त धूळ आणि ओल आत जात नाही. उन्हात चिकटपट्टीचा डिंक वितळतो, म्हणून रोज बदला. एवढं सांभाळलंत तर रविवारपर्यंत थांबायला हरकत नाही. पण तो रविवार चुकवू नका.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या किटनं सोसायटीच्या आवारात दुपारी टवका भरला. सगळं सूचनेप्रमाणे केलं, तरी मधे चंदेरी बुडबुडा राहिला आणि एक पाय तसाच दिसतो. रेझिन खराब होतं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रेझिनपेक्षा दुपारची वेळ नडली असण्याची शक्यता जास्त. रेझिन म्हणजे टवक्यात भरायचा पारदर्शक द्रव. तो अतिनील (यूव्ही) किरणांनी घट्ट होतो. उघड्या उन्हात रेझिन पायांच्या टोकापर्यंत झिरपायच्या आतच आवळायला लागतं. शिवाय काच गरम असली की ती फुगून बारीक पाय मिटतात, रेझिनला शिरायला वाट राहत नाही. आत अडकलेली हवाही प्रसरण पावून बुडबुडा धरते. तुमचा चंदेरी ठिपका म्हणजे तीच हवा.

हे काम सकाळी, ऊन यायच्या आधी, सावलीत करायचं. काच हाताला थंड किंवा जेमतेम कोमट लागली पाहिजे, साधारण २० ते ३० अंश. आदल्या दिवशी गाडी धुऊ नका. टवक्यातला काचेचा भुगा टाचणीनं अलगद काढा, खरवडू नका. काच पुसायचे साबणी फवारे वापरू नका, त्यांचा थर राहिला की रेझिन धरत नाही. भोवतालची काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या. आपल्या दमट हवेत टवक्यात ओल असतेच असं धरून चला. हेअर ड्रायर सगळ्यात कमी आचेवर, वीतभर अंतरावरून, एक-दोन मिनिटं फिरवा आणि काच पुन्हा निवेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा. हे थांबणंच बहुतेक जण गाळतात.

किटमधल्या इंजेक्टरचं, म्हणजे रेझिन आत दाबणाऱ्या नळीचं, तोंड टवक्याच्या बरोबर मध्यावर यायला हवं. रबरी कड टेकली की पुरे, स्क्रू जास्त आवळला तर त्या दाबानंच पाय लांबतो. एक-दोन थेंब रेझिन घालून पाच-दहा मिनिटं दाब द्या, मग पिस्टन वर ओढून हवा बाहेर काढा, पुन्हा दाब द्या. हे दोन-तीनदा करा. दर वेळी आतून टॉर्च मारून बघा. भरलेला भाग दिसेनासा होतो, हवा चकाकते. चकाकी असेपर्यंत यूव्ही दिवा लावायचा नाही आणि गाडी उन्हात काढायची नाही. शेवटी खळग्यावर दाट रेझिनचा थेंब, त्यावर किटमधली फिल्म, मग किटवर लिहिली असेल तितकी मिनिटं दिवा किंवा ऊन. घट्ट झाल्यावर ब्लेड काचेला काटकोनात धरून वरचा उंचवटा खरवडा.

तुमच्या टवक्यात आता घट्ट झालेलं रेझिन आहे, त्यावर घरी पुन्हा प्रयत्न करू नका. काचेचं काम करणारा कारागीर बुडबुड्यापर्यंत बारीक भोक पाडून ते भरू शकतो. आणि चांगल्या कामानंतरही फिकट डाग राहतोच. टवका भरण्याचा हेतू तडा थांबवणं हा आहे, खूण पुसणं हा नाही.

प्रश्न : टवक्यात फेव्हिक्विक भरलं तर? युट्यूबवर नेलपॉलिश आणि टूथपेस्टही सांगतात.
— एक वाचक, दादर

उत्तर : तिन्ही नकोत. फेव्हिक्विकसारखा गोंद ओल लागताच क्षणात घट्ट होतो, त्यामुळे पायांच्या टोकापर्यंत पोचत नाही. वर तो ठिसूळ असतो आणि उन्हानं तडकतो. नेलपॉलिश आणि टूथपेस्ट नुसतं तोंड बुजवतात. त्यानंतर खरं रेझिन आत जायला जागाच उरत नाही आणि भरता आला असता असा टवका कायमचा हातचा जातो.

प्रश्न : आतून लावायची चंदेरी सनशेड घेतली आहे. टवक्याला तिचा उपयोग होतो का? की ऊन अडवणारी फिल्म लावावी?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : सनशेड डॅशबोर्ड वाचवते, काच थंड ठेवत नाही. परतवलेलं ऊन काचेतूनच बाहेर पडतं आणि काच दोन्हीकडून तापते. टवका असेल तर बाहेरून टाकायचं कव्हर किंवा इमारतीखालची (स्टिल्टमधली) जागा बरी. अर्धी काच सावलीत आणि अर्धी उन्हात, अशी जागा मात्र टाळा. फिल्मनं टवका थांबत नाही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यावा लागतो.

प्रश्न : काचेच्या खालच्या कडेपासून वर वीतभर तडा गेला आहे. भरून घ्यावा की काच बदलावी? विम्याचं काय?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : बदला. कडेला काचेत मुळातच ताण असतो, म्हणून कडेपासून पाच सेंटिमीटरच्या आतलं नुकसान भरूनही भरवशाचं होत नाही. ड्रायव्हरच्या नजरेसमोरचा, आतल्या थरापर्यंत पोचलेला किंवा साधारण २५ मिलिमीटरपेक्षा मोठा टवका असेल तरीही आमचा सल्ला बदलण्याचाच. ते पावसाळ्याच्या आत करा. मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, आणि तड्याच्या टोकाशी पाणी पोचलं की तो कमी ताणातही पुढे सरकतो.

गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापला जात नाही. सक्तीची वजावट मात्र तुमच्या खिशातून जाते: १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यापेक्षा मोठ्या गाडीला २,०००. दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जाऊ शकतो. तो ५० टक्क्यांवर पोचला असेल तर आधी हिशेब करा. फक्त टवका भरण्याचा खर्च कंपनी बोनसला धक्का न लावता देते का, हेही विचारून घ्या.

काच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट नावाच्या गोंदानं चिकटवतात. तो किती तासांत धरतो हे त्याच्या ट्यूबवर लिहिलेलं असतं, तितका वेळ गाडी हलवू नका. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, कडेच्या टेप काढू नका आणि गाडी धुऊ नका. आरशामागे कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन (पुन्हा नेमकं जुळवणं) बिलात आहे का ते बघा. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना फाटतो आणि चालेनासा होतो. काच बदलायची तारीख ठरली की त्याच दिवशी आपल्या बँकेकडे बदली टॅग मागा, नाहीतर पुढच्याच टोलनाक्यावर अडकाल.