ज्वालेत केलेला झिंक ऑक्साइड भरड का येतो?

तुम्ही लिहिलंय की झिंक नायट्रेटचं पाण्यातलं द्रावण ऑक्सिजनच्या झोताने फवारून गॅसच्या ज्वालेत सोडलं, वर स्टीलची ताटली धरली. पांढरी पूड मिळाली, पण बीईटीत (पुडीवर वायू चिकटवून पृष्ठफळ मोजायच्या चाचणीत) पृष्ठफळ ग्रॅमला जेमतेम 8 चौरस मीटर. मग यात नॅनो काय?

आधी तो आकडा उलटा करून बघा. घनता आणि पृष्ठफळ यांचा गुणाकार करून त्याने 6000 ला भागायचं. झिंक ऑक्साइडची घनता घनसेंटीमीटरला 5.6 ग्रॅम, म्हणजे तुमचा कण सरासरी 134 नॅनोमीटरचा. पृष्ठफळ 60 आलं असतं तर तोच कण 18 वर आला असता.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात असतो. एसजीची (गोल ग्रॅफाइटच्या बिडाची) हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, निघाली की लॅडलच्या (रस ओतायच्या बादलीच्या) तळाशी फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियमचे खडे टाकायचे, त्यावर पंचिंगचा (पत्र्याच्या बारीक तुकड्यांचा) थर द्यायचा आणि वरून चौदाशे अंशांच्या पुढचा लोखंडाचा रस ओतायचा. मॅग्नेशियम 1090 अंशांनाच उकळतं. वाफ रसातून वर येते, हवा लागताच डोळे दिपतात आणि पांढरा लोट छताला जातो. तो लोट म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतिबारीक कण. कुणी ठरवून करत नाही, तरी छताच्या अँगलवर बोट फिरवा, पीठ लागतं. इथे धातूची आधी वाफ झाली, मग ती जळली.

तुमच्या ज्वालेत ही वाफच झाली नाही. पाण्याने बरीचशी उष्णता खाल्ली, थेंब बाहेरून सुकला, त्याच्यावर नायट्रेटच्या क्षाराचं कवच धरलं आणि ते कवच जागच्या जागी ऑक्साइड झालं. एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) धरलंत तर फुटक्या टरफलांसारखे पोकळ कण दिसतील. शिवाजी विद्यापीठात स्प्रे पायरोलिसिस म्हणून जे करतात त्यात पाण्यात विरघळवलेला धातूचा क्षार तापलेल्या काचेवर फवारून पातळ थर बसवतात. तुमची कृती बहुधा तिथूनच आलीय. नाव सारखं असलं तरी काम वेगळं आहे.

ज्वालेसाठी द्रावण स्वतः जळणारं हवं. झायलीन या जळणाऱ्या द्रावकात झिंकचं 2-इथाइलहेक्झानोएट किंवा नॅफ्थेनेट (त्यात विरघळणारी झिंकची सेंद्रिय संयुगं) घ्या. तेच नायट्रेट ठेवून नुसतं पाण्याऐवजी अल्कोहोल घालायचा मोह होईल. तेही पुरेसं नाही, आणि ऑक्सिडायझर (नायट्रेट) आणि इंधन (अल्कोहोल) एकाच बाटलीत भरून ठेवणं शहाणपणाचं नाही.

द्रावण बदलूनही कण मोठाच आला तर तो ज्वालेत जास्त वेळ राहतोय. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा: कण जन्मतात, एकमेकांवर आदळतात, गरम असेपर्यंत वितळल्यासारखे एकजीव होतात. द्रावणाचा वेग कमी करा, फवारणीचा ऑक्सिजन वाढवा. ज्वाला आखूड होते आणि कण लवकर थंड होतो. बाजारातली पी25 ही टायटॅनियाची (टायटॅनियम डायऑक्साइडची) पूडही ज्वालेतच बनते, तिचं पृष्ठफळ 50 च्या आसपास असतं. तेव्हा 8 वर नाराज व्हा, पण लगेच 200 ची आशा नको.

आता ताटली. आमची आजी काजळ धरायची तेव्हा वाटीच्या पाठीवर ओलं फडकं टाकायची. कण गरम बाजूकडून थंडीकडे ढकलले जातात, म्हणून थंड वाटीला काजळी चटकन धरते. तुमची ताटली दोन मिनिटांत तापते, मग बसलेली पूड तिथेच आणखी भाजून निघते आणि बाकीची हवेत जाते. ग्लास फायबरचा फिल्टर आणि मागे व्हॅक्यूम पंप लावा, ज्वालेपासून इतका वर की फिल्टर करपणार नाही.

आणि ती हवेत जाणारी पूड तुमच्याच छातीत जाते. पितळ ओतणाऱ्यांना विचारा: तोंडाला गोडसर धातूची चव, संध्याकाळी हुडहुडी भरून ताप, दुसऱ्या दिवशी गायब. त्यावर दूध-गूळ द्यायची इकडे पद्धत आहे. ताप उतरतो तो आपोआपच, श्रेय गुळाला जातं. धूर ओढून घेणारा हूड नसेल तर बर्नर पेटवू नका.