टाकी कुठे बसणार, हे आधी ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चोपड्याकडच्या तुमच्या भजनी मंडळाच्या ट्रस्टला पाच गावांत पाण्याच्या टाक्या बसवायच्या आहेत, धान्याचे किट वाटायचे आहेत. त्यातल्या एका गावात गेल्या वर्षी मिरवणुकीवरून गाव आणि भिलाटी (भिल्लांची वस्ती) यांच्यात मारामारी झाली. वाटपासोबत सत्संग ठेवला तर मनं जुळतील का, असं तुम्ही विचारलंय. मी पंधरा वर्षं अमळनेर-पारोळा भागात एका धार्मिक संस्थेच्या मदतकामात होतो, त्या अनुभवावरून सांगतो. सत्संगाचं नंतर बघू. टाकी कुठे बसणार आणि नळाची चावी कुणाकडे राहणार, हे आधी ठरवा.

आमच्या हातून झालेली चूक ऐका. बोरीकाठच्या एका गावात दुष्काळाच्या वर्षी आम्ही पाच हजार लिटरची टाकी बसवली. जागा निवडली मारुतीच्या देवळाचं आवार. गावाच्या मधोमध, खाली फरशी, वर लिंबाची सावली, पुजारी लक्ष ठेवणार. पाणी सगळ्यांसाठी आहे अशी पाटीही लावली. आठ दिवसांनी भिलाटीतल्या एका आजीला विचारलं, पाणी मिळतं ना? ती म्हणाली, "पानी समदासनं शे, पन आमना हंडा मांगेच ऱ्हास." म्हणजे पाणी सगळ्यांचं आहे, पण आमचा हंडा मागेच राहतो.

त्या बायांना कुणीही अडवलं नव्हतं. अडवायची गरजच नव्हती. आवाराच्या पायरीशी त्या आपणहून थांबायच्या आणि गावातल्या बायांचं भरून झालं की पुढे यायच्या. टँकर उशिरा आला त्या दिवशी टाकी आधीच रिकामी झाली, भिलाटीतल्या एका पोरीने पुढे होऊन हंडा लावला, आणि त्यावरून जे पेटलं ते पोलीस येईपर्यंत थांबलं नाही. देवळाची पायरी आम्ही बांधली नव्हती, पण पाण्यासाठी रोज तिच्यासमोर उभं राहायला आम्हीच लावलं. ते मला आजही खुपतं.

नंतर टाकी हलवली, शाळेच्या मागे, गाव आणि भिलाटीच्या मधल्या वाटेवर. चावी दोघींकडे, एक आठवडा गावातल्या बाईकडे, एक भिलाटीतल्या. पहिले दोन आठवडे कुरबुर झाली. पण दर सोमवारी चावी द्यायला एकीला दुसरीच्या दारात जावंच लागायचं. दोन्ही वस्त्यांचं लगेच गूळपीठ जमलं असं नाही. त्या उन्हाळ्यात पाण्यावरून पुन्हा हात उगारला गेला नाही, इतकं मात्र खरं.

आता सत्संग. रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी १९९४ साली जी आचारसंहिता मान्य केली, तिच्यात साफ म्हटलंय की मदत कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही. पूर्वी मला वाटायचं, हे आपल्यासारख्यांवर अविश्वास दाखवणारं आहे. आता वाटतं, हा नियम सगळ्यात जास्त आपल्याच कामाचा आहे. किटच्या रांगेत उभा असलेला माणूस सत्संगाला नाही म्हणू शकत नाही, आणि नाही म्हणता येत नसेल तर त्याच्या हो ला काय अर्थ? भजन ठेवा, अवश्य ठेवा, मी स्वतः वारकरी आहे. पण वाटपाचा दिवस सोडून, दुसऱ्या जागी, आणि कोण आलं याची नोंद न ठेवता.

आणि भिलाटीला भक्ती शिकवायला निघालो आहोत, असं मनात असेल तर ते काढून टाका. १९३०च्या दशकात तळोदा भागात आदिवासी संत गुला महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत होते, दारू सोडत होते. ती चळवळ त्यांच्यातूनच उभी राहिली होती.

शिकवायचंच असेल तर आपल्या माणसांना शिकवा. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, हे आपल्याकडे सगळे अभिमानाने सांगतात. मे १९४७ मध्ये ते पंढरपुरात उपोषणाला बसले, ते विठ्ठलाचं दार अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्यांना उघडावं म्हणून. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांना त्यांनी उपदेश केला नाही, दार अडवणाऱ्यांच्या मनाला हात घातला. तुमच्या मंडळाची खरी ताकद तीच आहे. गावातल्या वजनदार घरांना तहसीलदार जे सांगू शकत नाही, ते तुमचे कीर्तनकार सांगू शकतात.

भंडाऱ्याचंही बघा. वरण-बट्टीच्या पंगतीत भिलाटी जेवते, हे गाव मोठ्या समाधानाने सांगतं. पण लाकडं फोडायला आणि कढया घासायला कोण असतं? वाढायला कोण असतं? आमच्या सप्ताहात भिलाटीतली चार पोरं वाढपी म्हणून उभी केली, तेव्हा तीन ज्येष्ठ ताटावरून उठले. आमचे महाराज त्यांच्यामागे गेले नाहीत. ते पंगतीत बसले आणि त्याच पोरांकडून वाढून घेतलं. पुढच्या वर्षी तिघांपैकी दोघे जेवले.

मारामारीबद्दल एक सांभाळा. त्या प्रकरणात ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल असेल, तर समेटाच्या नावाखाली कुणावर दबाव येईल असं काहीही करू नका. किट देणारा माणूस "मिटवून टाका" म्हणाला, तर ऐकणाऱ्याला ती अटच वाटते. तंटामुक्त समितीच्या बैठकीला बोलावलं तरी शांतपणे नकार द्या. भिलाटीचं किराणा, दळण, मजुरी तोडली असेल तर तो सामाजिक बहिष्कार आहे, आणि आदिवासींवर तो टाकणं हा ॲट्रॉसिटी कायद्यानेच गुन्हा आहे. तक्रार करायची की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू द्या, तुम्ही फक्त माहिती पोचवा.

शेवटचं, तुमच्या वेळापत्रकाबद्दल. लाभार्थ्यांची यादी जानेवारीत करणार असं लिहिलंय. जानेवारीत भिलाटीत निम्म्या घरांना कुलूप असेल. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन माणसं दिवाळीच्या आसपासच ऊसतोडीला गेलेली असतात, गुजरातपर्यंत. ग्रामपंचायतीत बसून केलेल्या यादीत ती घरं येत नाहीत, आणि मग "आम्ही विचारलं होतं, ते आलेच नाहीत" असं म्हटलं जातं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात जा. बरीच माणसं परतलेली असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात. यादी भिलाटीतच बसून लिहा, आणि टाकीची जागा ठरवायला दोन्हीकडच्या बायांना सोबत घेऊन ती वाट एकदा पायी चाला, डोक्यावर भरलेला हंडा असेल तेव्हा किती लांब वाटते ते त्याच सांगतील.